सी. पी. सागवान
सी. पी. सागवान : मध्य भारतातील, विशेषतः चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील, सागाचे लाकूड (लॅ. टेक्टोना ग्रँडिस, कुल – लॅमिएसी, जुन्या वर्गीकरणात व्हर्बिनेसी). १८६१ मध्ये स्थापन झालेल्या मध्य प्रांताच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे व्यापारी नाव पडले. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. १९५० नंतर प्रांताचे नाव बदलले. तथापि लाकडाचे नाव टिकून राहिले.

सागाचा टिकाऊपणा त्याच्या मध्यकाष्ठात असतो. त्यातील तैलद्रव्ये व टेक्टोक्विनोन यांमुळे वाळवी व कवक यांचा उपद्रव सहसा होत नाही. फिकट रसकाष्ठास हे संरक्षण नसते. वाळताना हे लाकूड फारसे आकसत नाही आणि पिळवटत नाही. कोरड्या हवामानात वाढलेल्या सागाचा रंग गडद असून त्यावरील रेषा ठळक असतात. तुळया, दारे-खिडक्या व सजावटी सामान यांसाठी तो वापरतात.

हाच गुण वनांच्या इतिहासास कारणीभूत झाला. १८६७ मध्ये लोहमार्ग नागपुरास पोहोचला. शिलीपाट व इमारती यांसाठी लाकडाची मागणी वाढली. १८६५ व १८७८ च्या वन कायद्यांनी वनांवर शासनाचा ताबा दृढ केला. राखीव वनांत गोंड, माडिया इ. समाजांच्या फिरत्या शेतीवर, चराईवर व तोडीवर निर्बंध आले. जे पूर्वी वहिवाटीने मिळे, ते सवलत म्हणून मिळू लागले. १९७४ मध्ये महाराष्ट्र वन विकास महामंडळ स्थापन झाले. मिश्र वने तोडून सागाची लागवड करण्याच्या धोरणावर टीका झाली, कारण एकजातीय लागवडीत तेंदू, चारोळी इ. उपजीविकेची साधने घटतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर २००९ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास सामूहिक वनहक्क मिळाला.

आलापल्ली येथील जुन्या सागवनाचा सु. ६ हेक्टरांचा भाग २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाला. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून सागवान पाठविण्यात आले. दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठीही नागपूरचे सागवान वापरले आहे. साग आफ्रिकेतील मूळचा वृक्ष नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तो पश्चिम आफ्रिकेत लावण्यात आला आणि आता घाना, नायजेरिया इ. देशांतून भारतात सागाची आयात होते. लवकर तोडलेल्या लागवडीच्या लाकडात रसकाष्ठाचे प्रमाण अधिक असल्याने ते तुलनेने कमी टिकते. सागाची पारख करताना म्हणूनच प्रदेशाइतकेच वृक्षाच्या वयासही महत्त्व द्यावे लागते.