बुळकांडी कुणी कुणाला दिली?

बुळकांडी हा शब्द तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलाही नसेल. गाईम्हशींचा रोग. ताप, तोंडात फोड, मग पाण्यासारखी हगवण, आणि आठ-दहा दिवसांत गोठा रिकामा. इंग्रज सरकारने १८८९ साली पुण्यात जनावरांच्या रोगांसाठी प्रयोगशाळा काढली ती मुख्यतः याच्याच धास्तीने. १८९३ मध्ये ती कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला, वस्तीपासून दूर, हलवली. तिथेच १९२०च्या दशकात एडवर्ड्स यांनी हा विषाणू शेळ्यांमधून पुन्हापुन्हा नेऊन मवाळ केला आणि त्याची लस बनवली.

त्याआधी, १८८७च्या सुमारास, रोग आफ्रिकेत उतरला होता. इटालियन सैन्यासाठी इरिट्रियात आणलेल्या गुरांबरोबर तो आला, आणि ती गुरं बहुधा भारतातली होती, असं मानतात. दहा वर्षांत तो थेट दक्षिण टोकाला पोहोचला. गुरं गेली, इथिओपियात भीषण दुष्काळ पडला, आणि रानम्हशी, विल्डबीस्टही पटापट मेले.

पुढे साथ ओसरली तरी रोग जाईना, आणि संशय गेला रानातल्या जनावरांवर. मुरलेला रोग तेच बाळगतात आणि गुरांना देतात! मला या इतिहासातला सगळ्यात रंजक भाग इथून पुढचा वाटतो, कारण उत्तर बंदुकीने नाही, रक्ततपासणीने दिलं. एकदा बुळकांडी होऊन वाचलेल्या जनावराच्या रक्तात प्रतिपिंडं जन्मभर राहतात. म्हणजे जनावराचं वय कळलं की रोग त्या कळपात कधीपर्यंत होता, तेही कळतं. सेरेंगेटीत १९६३ नंतर जन्मलेल्या विल्डबीस्टांत प्रतिपिंडंच सापडेनात. त्यांना कुणी लस टोचली नव्हती. टोचली होती ती भोवतालच्या पाळीव गुरांना. गुरांतला रोग थांबला आणि रानातला आपोआप विझला. म्हणजे रोग गोठ्यातून रानात जात होता. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७०च्या दशकाअखेर १३ लाखांच्या घरात गेले.

या एका निष्कर्षाने काम किती सोपं झालं बघा. रानम्हशीला कोण सुई टोचणार? गुरं मात्र दावणीला सापडतात, निदान पाणवठ्यावर तरी. केनियात वॉल्टर प्लोराइट यांनी तयार केलेली लस त्यासाठी पुरली. भारतात शेवटचा उद्रेक १९९५ साली झाला. जगातला शेवटचा ज्ञात रुग्ण २००१ मध्ये सापडला, तोही केनियातल्या मेरू अभयारण्यातला एक रानरेडा. २०११ साली रोग संपल्याचं जाहीर झालं.

विषाणू अजूनही काही प्रयोगशाळांत गोठवून ठेवलेला आहे. इंग्लंडमधल्या पर्ब्राइट संस्थेने २०१९ मध्ये आपल्याकडच्या ३,०००हून जास्त कुप्या नष्ट केल्या. त्याआधी त्यांचा जनुकक्रम तेवढा उतरवून ठेवला.