पाणीवाल्या बाई : नगरसेविका मृणालताई गोरे

यंदाच्या स्मरणिकेत आपल्या उपनगराच्या इतिहासावर कोणीतरी लिहावे असे मंडळाच्या बैठकीत ठरले आणि ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांच्या इतिहासात मला फारशी गती नाही. परंतु ज्या इतिहासात हंडा, कळशी, रॉकेल, गोडेतेल आणि लाटणे यांची नावे येतात तो आपल्या बायकांना वेगळा शिकवावा लागत नाही. म्हणून मी नगरसेविका मृणालताई गोरे यांच्याविषयी लिहिण्याचे ठरविले. त्या गोरेगावच्या खऱ्या, पण मुंबईच्या सगळ्या उपनगरांनी त्यांना आपल्या मानले होते.

प्रथम त्या काळच्या उपनगराचे चित्र डोळ्यांपुढे आणू या. आपले जुहू, पार्ले, अंधेरी हा भाग १९५० साली मुंबई महापालिकेत सामील झाला. गोरेगाव, मालाड, बोरिवली ते दहिसर आणि तिकडे मुलुंडपर्यंतचा भाग १९५७ साली आला. हद्द वाढली, नकाशा मोठा झाला, पण नळ मात्र नकाशाच्या वेगाने वाढले नाहीत. मुंबईला पाणी पाजणारा विहार तलाव १८६० सालचा, तुळशीचा १८७९ सालचा. हे दोन्ही तलाव उपनगरांच्या अगदी उशाशी आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईस येऊ लागले. त्याचे मोठमोठे नळ मुलुंड, घाटकोपर, कुर्ला ओलांडून शहराकडे जातात. म्हणजे पाणी आपल्या अंगणावरून जायचे आणि मुक्कामाला मात्र शहरात पोचायचे. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण जणू उपनगरांसाठीच झाली असावी.

माझी थोरली मावशी १९६०च्या सुमारास लग्न होऊन गोरेगावला गेली. ती सांगायची, की पहाटे तीनला उठून हंडा रांगेत ठेवायचा, घरी येऊन चूल पेटवायची, पुन्हा नळावर जायचे. नळाला करंगळीएवढी धार. कधी नंबर येण्याआधीच पाणी जाई. मग रिकामा हंडा कडेवर घेऊन परत. तिचे म्हणणे असे, की भरलेल्या हंड्याचे ओझे सोसते, रिकाम्या हंड्याचे सोसत नाही. बायका आपापसांत भांडत, कपाळाला हात लावीत, नशिबाला दोष देत. हा दोष नशिबाचा नाही, कारभाराचा आहे, हे त्यांना मृणालताईंनी सांगितले.

मृणालताईंचे माहेरचे आडनाव मोहिले. जन्म २४ जून १९२८. त्या डॉक्टरीचे शिक्षण घेत होत्या. घरात मुलगी डॉक्टर होणार म्हणजे त्या काळी केवढी मोठी गोष्ट! परंतु राष्ट्र सेवा दलाच्या कामाची ओढ लागली आणि ते शिक्षण त्यांनी मध्येच सोडले. बेचाळीसच्या चळवळीतले समाजवादी कार्यकर्ते केशव गोरे यांच्याशी १९४८ साली त्यांचा विवाह झाला. विवाह आंतरजातीय होता. केशवरावांना सारे बंडू गोरे म्हणत. दोघांनी गोरेगावात संसार मांडला आणि त्याबरोबर गावाचे कामही मांडले. भगिनींनो, येथे एक गोष्ट आपण अभिमानाने लक्षात ठेवावी. मृणालताईंचे काम मोठ्या सभागृहांत सुरू झाले नाही. ते गोरेगावच्या महिला मंडळात सुरू झाले, म्हणजे आपल्यासारख्याच एका मंडळात. कुटुंबनियोजनाचा शब्द बायका ओठावर आणायला लाजत, त्या दिवसांत त्यांनी घरोघर जाऊन तो विषय समजावून सांगितला.

१९५८ साली केशवराव गेले. मृणालताई तेव्हा तिशीच्या. पदरी लहान मुलगी. अशा वेळी बाईने घरात बसावे, पोरीकडे पाहावे, असे म्हणणारे पुष्कळ असतात आणि ते वाईट बुद्धीने म्हणतात असेही नाही. परंतु मृणालताईंनी पतीचे काम पुढे चालविले. त्यांच्या नावाने गोरेगावात केशव गोरे स्मारक ट्रस्ट उभा राहिला आणि तेच घर पुढे अनेक चळवळींचे बिऱ्हाड झाले.

१९६१ साली त्या प्रजासमाजवादी पक्षातर्फे महापालिकेवर निवडून आल्या. तेव्हा बायकांसाठी राखीव जागा नव्हत्या. आज महाराष्ट्रात महापालिकांच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्या वेळी उघड्या मैदानात पुरुषांच्या बरोबरीने उतरावे लागे. महापालिकेत स्त्री नव्हतीच असे नाही. सुलोचना मोदी या १९५६ साली मुंबईच्या पहिल्या स्त्री महापौर झाल्या होत्या. पण उपनगरातल्या चाळीत आणि झोपडीत राहणाऱ्या बाईचे गाऱ्हाणे तिच्याच शब्दांत सभागृहात मांडणारी बाई विरळाच.

नगरसेवक म्हणजे काय, हे येथे थोडे सांगते, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणींचा त्यात गोंधळ असतो. माझाही होता. नगरसेवक स्वतः नळ टाकू शकत नाही. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ सालचा. त्याप्रमाणे प्रत्यक्ष अंमल करण्याचा अधिकार आयुक्तांचा आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. पैशाची थैली मात्र निवडून आलेल्या सभासदांच्या हाती असते. अंदाजपत्रक मंजूर करणे, खर्चाचे प्रस्ताव स्थायी समितीत तपासणे, सभेत प्रश्न विचारून अधिकाऱ्यांकडून उत्तर घेणे, ही नगरसेवकाची हत्यारे. घरात जसे पगार आणणारा एक आणि तो कोठे खर्चावा हे ठरवणारी दुसरी, तसेच काहीसे. खर्च ठरवणारी गप्प राहिली तर पैसा जाऊ नये तेथे जातो.

मृणालताईंनी ही हत्यारे वापरलीच, पण त्यांना आणखी एकाची जोड दिली. ते हत्यार म्हणजे रिकामा हंडा. सभागृहात प्रश्न आणि बाहेर हंडे घेतलेल्या बायकांचा मोर्चा, असे दोन्ही अंगांनी काम चाले. आत अधिकारी आकडे सांगत, बाहेर बायका हंडे वाजवीत. आकड्यांना उत्तर देता येते, वाजणाऱ्या हंड्याला पाणीच द्यावे लागते. यातूनच लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हणण्यास सुरुवात केली. हे नाव कोणा सरकारने दिलेली पदवी नव्हे. ते नळावरच्या रांगेने दिले.

त्यात खरा वाद होता झोपडपट्टीच्या पाण्याचा. झोपडी बेकायदा, म्हणून तिला नळ नाही, असा सरकारी हिशेब. मृणालताईंचा हिशेब निराळा होता. वस्ती कायदेशीर आहे की नाही हे कागद ठरवील, पण तेथल्या माणसाला तहान लागते हे ठरविण्यास कागद लागत नाही. ही भूमिका तेव्हा अनेकांना पटली नाही. आपल्यासारख्या पक्क्या घरांत राहणाऱ्यांनाही ती पटकन पटत नाही, हे कबूल केले पाहिजे. परंतु डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर असाच निर्णय दिला, की घर अनधिकृत आहे एवढ्या कारणाने माणसाला पाण्यावाचून ठेवता येणार नाही. त्या वेळी मृणालताई हयात नव्हत्या. आपल्या जुहूतही नेहरूनगर आहे, कोळीवाडा आहे, उंच इमारती आहेत. या सर्वांची तहान सारखीच असते, हे विसरून चालणार नाही.

१९७२ साली त्या विधानसभेत निवडून गेल्या. त्याच सुमारास महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. धान्य, तेल, साखर, रॉकेल सारेच महागले आणि मिळेनासेही झाले. तेव्हा महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणालताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर मार्क्सवादी, त्यांच्याबरोबर प्रमिलाताई दंडवते, कमलताई देसाई, तारा रेड्डी. पक्ष वेगवेगळे, मते वेगवेगळी, पण तेलाचा डबा सर्वांचाच रिकामा. म्हणून एकत्र आल्या. हातात लाटणे घेऊन बायका रस्त्यावर उतरल्या, घरोघरी ठरल्या वेळी थाळ्या वाजविल्या. ज्यांनी जन्मात कधी घोषणा दिली नव्हती अशा बायका त्यात होत्या. माझी मावशीही एका लाटणे मोर्चाला गेली होती. परत आल्यावर त्याच लाटण्याने तिने रात्रीच्या पोळ्या लाटल्या, हे ती हसत हसत सांगे.

१९७५ साली आणीबाणी आली. मृणालताई भूमिगत राहून काम करीत होत्या. त्या वर्षाच्या अखेरीस त्यांना अटक झाली आणि तुरुंगवास भोगावा लागला. १९७७ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईने त्यांना लोकसभेत पाठविले आणि इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. तेव्हाची ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा आजही जुनी माणसे सांगतात. दिल्लीत त्यांना मंत्रिपद देऊ केले होते, ते त्यांनी घेतले नाही. आपल्या घरातला मुलगा साधा शिपाई झाला तरी आपण पेढे वाटतो. तेथे या बाईने चालून आलेले मंत्रिपद नाकारले! लोकांत राहून करावयाचे काम त्यांना अधिक मोलाचे वाटले.

पुढे १९८५ साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या आणि विरोधी पक्षनेत्याही झाल्या. त्या काळात त्यांनी हाती घेतलेला एक प्रश्न आपल्या पोटात ढवळून टाकणारा आहे. गर्भजलाची परीक्षा करून मुलगी असल्यास गर्भ पाडण्याचा प्रकार मुंबईत सर्रास सुरू झाला होता. त्याविरुद्ध त्यांनी १९८६ साली विधानसभेत विधेयक आणले. बाहेर स्त्रीसंघटनांचा रेटा होताच. १९८८ साली महाराष्ट्रात कायदा झाला, देशात असा पहिलाच. सबंध देशासाठीचा कायदा १९९४ साली झाला. आज दवाखान्यात ‘येथे गर्भलिंग चिकित्सा केली जात नाही’ अशी पाटी दिसते, तेव्हा तिच्यामागे कोणाचे कष्ट आहेत हे आपल्या मुलींना सांगावे.

घराचा प्रश्नही त्यांनी सोडला नाही. जादा जमीन सरकारने ताब्यात घ्यावी असा कमाल जमीनधारणेचा कायदा १९७६ साली झाला होता. पण त्या जमिनीवर गरिबाचे घर काही आपोआप उगवत नाही. मृणालताई, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषद काढली. मोठा लढा देऊन गोरेगाव पूर्वेला दिंडोशी येथे सहा हजारांहून अधिक घरे उभी केली. मुंबईत साध्या कमाईच्या माणसाला स्वतःच्या नावाचे दार मिळणे म्हणजे काय, हे भाड्याच्या खोल्या बदलत हिंडलेल्यांनाच कळेल. नवऱ्याने टाकलेल्या, छळलेल्या बायकांना आधार देण्यासाठी ‘स्वाधार’चे कामही केशव गोरे स्मारकातूनच उभे राहिले.

१७ जुलै २०१२ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, मृणालताई गेल्या. गोरेगावातील उड्डाणपुलाला २०१६ साली त्यांचे नाव देण्यात आले. पुलावरून रोज हजारो गाड्या जातात. गाडीतल्या किती जणांना त्या नावामागचा हंडा ठाऊक असेल?

आता आपल्या जुहूकडे वळते. २००७ साली जुहूच्या नागरिकांनी पक्षांकडे न पाहता आपला स्वतःचा उमेदवार उभा केला आणि ॲडॉल्फ डिसोझा यांना महापालिकेत निवडून पाठविले. त्याची चर्चा साऱ्या मुंबईत झाली होती. म्हणजे रहिवाशांनी मनावर घेतले तर काय होते, याचा दाखला शोधायला आपल्याला दूर जावयास नको. उलट मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, ती जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे मुंबईत नगरसेवकच नव्हते. सारा कारभार प्रशासकाच्या हाती. त्या काळात आपल्या मंडळात कोणी गटाराची किंवा कमी दाबाच्या पाण्याची गोष्ट काढली, की पुढचा प्रश्न ठरलेला असे : सांगायचे कोणाला? जिचे दार ठोठावता येते अशी बाई सभागृहात असणे म्हणजे काय, हे मला त्या चार वर्षांत समजले.

पूर्वी नगरसेवकांना ‘नगरपिता’ म्हणत. पित्यापुढे बोलताना आपण जरा दबूनच बोलतो. मृणालताईंना कोणी नगरमाता म्हटले नाही. लोक ताई म्हणत, बाई म्हणत. ताईला हक्काने सांगता येते, प्रसंगी रागावताही येते. त्यांचे सारे मोठेपण मला या एका हाकेत दिसते.

म्हणून मंडळापुढे एक सूचना ठेवून लेखणी खाली ठेवते. आपण हळदीकुंकवाच्या हजेरीची वही ठेवतो, भिशीची ठेवतो. तशी आणखी एक वही ठेवावी. आपल्या भागात पाणी किती वाजता आले, किती वेळ होते, कोणत्या वस्तीत आलेच नाही, याची रोजची नोंद त्यात करावी आणि दर महिन्याला ती घेऊन आपल्या नगरसेवकाकडे जावे. पहिल्या महिन्यात इमारतींची नोंद मी घेते. नेहरूनगरची नोंद घेण्यास तेथील भगिनींपैकी कोणी पुढे यावे, ही विनंती.