शेवटच्या ओळीतून दिसणारी कुस्ती

नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेतला किंवा आपल्या गावच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड आपण पाहिला असेल. हलगी कडाडते, माणसे गोल करून बसतात. पुढच्या दोन-तीन ओळींना कुस्ती दिसते. मागचे उभे राहतात, त्यांच्याही मागचे गाडीवर नाहीतर झाडावर चढतात. कोणता डाव पडला हे पुष्कळांना गलक्यावरूनच कळते. यात गर्दीचा दोष थोडा आणि सपाट जमिनीचा फार.

हे वर्गात कागदावर आखून पाहता येईल. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून 80 सें.मी. उंचीवर आणि माथा त्याहून 12 सें.मी. वर आहे असे धरू. पहिली ओळ आखाड्यातल्या एका बिंदूपासून 8 मीटरवर आहे आणि पुढची प्रत्येक ओळ 80 सें.मी. मागे. त्या बिंदूपासून पुढच्या माणसाच्या माथ्याला चाटून जाणारी रेषा काढली, तर दुसऱ्या ओळीची बैठक पहिलीपेक्षा सुमारे 21 सें.मी. उंच हवी असे दिसते. पण दर ओळीला तेवढीच उंची वाढवून भागत नाही. विसाव्या ओळीपेक्षा एकविसावी सुमारे 34 सें.मी. उंच लागते! म्हणजे प्रेक्षागाराचा उतार वाडग्याच्या काठासारखा, वर जाताना अधिक उभा होत जातो. स्कॉटिश अभियंता जॉन स्कॉट रसेल याने ही वक्ररेषा 1838 मध्ये मांडली. (कालव्यातल्या एकाकी लाटेचा घोड्यावरून पाठलाग करणारा रसेल तो हाच.) चढत्या बैठकीची युक्ती मात्र फार जुनी. रोमचे कलोसियम इ.स. 80 मध्ये खुले झाले.

1902 मध्ये युरोपला गेलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी ते पाहिले. त्यातूनच पुढे कोल्हापूरचे खासबाग मैदान उभे राहिले. त्याचे काम 1907 ते 1912 या काळात झाले. मधोमध लाल मातीचा हौद, भोवती चढत गेलेली गोल बैठक, डोक्यावर उघडे आभाळ. छप्पर नाही म्हणून खांब नाहीत, आणि खांब नाहीत म्हणून नजर कुठे अडत नाही.

लातूरकरांना ही कोल्हापूरची माती परकी नाही. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडले. 1969 मध्ये लातूरलाच झालेल्या अधिवेशनात ते महाराष्ट्र केसरी झाले आणि 1970 मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले.

आम्हाला खासबागेचे मोल आणखी एका गोष्टीत वाटते. मैदानाला लागूनच 1915 मध्ये नाट्यगृह उभे राहिले, तेच आजचे केशवराव भोसले नाट्यगृह. (8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत जळाले.) मैदानात सभा होत आल्या, शेजारी खाऊगल्ली वाढली. कुस्ती नसेल त्या संध्याकाळीही माणसांना तिकडे जायला निमित्त असते. वास्तुरचनेच्या दृष्टीने पाहिले तर हौदाइतकेच महत्त्व या कडेला आहे.

राज्याच्या 2001 च्या क्रीडा धोरणानंतर तालुक्या-जिल्ह्यांत क्रीडा संकुले उभी राहू लागली. धावमार्ग, सभागृह, प्रेक्षकांच्या पायऱ्या असे पुष्कळ काही आले. पण आम्ही पाहिलेल्या काही संकुलांत पहिल्यांदा नजरेत भरते ती कुंपणभिंत आणि कुलूप लावलेले फाटक. मैदान खराब होऊ नये ही काळजी खरीच आहे. तरी ती धावमार्गाभोवती जाळी लावून घेता येते. त्यासाठी बाहेरच्या पायऱ्या आणि झाडांखालची सावलीही बंद करावी लागत नाही.

मराठवाड्यात हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्यानंतर कितीतरी दिवस माणसे घरात झोपायला धजत नव्हती. अशा वेळी उघडी, ओळखीची, वाट माहीत असलेली जागा लागते. लातूरच्या गंजगोलाईत रस्ते सगळ्या बाजूंनी येऊन मिळतात, तिथला रस्ता कोणाला विचारावा लागत नाही. क्रीडा संकुलाला मात्र बहुधा एकच मोठे दार असते.

जवळच्या संकुलात विद्यार्थ्यांना मोजपट्टी घेऊन नेता येईल. पायऱ्यांची उंची वर जाताना वाढते की सारखीच राहते, हे मोजावे. शेवटच्या पायरीवर बसून मैदानाची जवळची कड दिसते का, ते पाहावे. फाटके किती आहेत आणि ती किती वाजता उघडतात, हेही त्याच वहीत लिहावे.