हिरवी घासणी: वर्कशॉप आणि प्रयोगशाळेत कुठे वापरावी, कुठे नाही

किराणा दुकानात दहा-वीस रुपयांना मिळणारी हिरवी घासणी फक्त भांड्यांपाशी राहत नाही. बेळगावच्या उद्यमबागेतलं मशीन शॉप असो, गल्लीतलं गॅरेज असो, फ्रीज दुरुस्तीवाल्याची पिशवी असो की शाळेची प्रयोगशाळा, ती कुठे ना कुठे सापडतेच. गंज काढायचा, तांब्याची नळी चकचकीत करायची, रंग मारण्याआधी पत्रा घासायचा, की हात आधी तिच्याकडे जातो. बहुतेक कामं नीट होतात. पण काही ठिकाणी हीच घासणी इंजिन सीझ करते, काचेचं भांडं तडकवते, मोजमाप बिघडवते. कारण एकच. तिला फडकं समजलं जातं. ती फडकं नाही, मऊ अंगाची कानस आहे.

घासणीत असतं काय?

नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे धागे विणलेले नसतात, आडवेतिडवे पसरून राळेसारख्या रेझिनने एकमेकांना चिकटवलेले असतात. त्या रेझिनमध्येच घासणारे बारीक कण बसवलेले असतात. ते बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, काही प्रकारांत सिलिकॉन कार्बाइडचे असतात. थ्री-एम या अमेरिकन कंपनीने 1950 च्या दशकाच्या अखेरीस ‘स्कॉच-ब्राइट’ नावाने हा माल बाजारात आणला. फोटोकॉपीला ‘झेरॉक्स’ म्हणतात तसं आज कुठल्याही कंपनीच्या घासणीला अनेकजण तेच नाव देतात.

पदार्थांचा कठीणपणा मोजायच्या मोह्स पट्टीवर हिरा 10 वर आहे. ॲल्युमिनियम ऑक्साइड 9 वर, सिलिकॉन कार्बाइड त्याच्याही किंचित वर. साधी काच साधारण साडेपाचवर येते. म्हणजे हाताला मऊ लागणाऱ्या घासणीतला कण काचेला आणि बहुतेक धातूंना सहज ओरखडतो. धागे स्प्रिंगसारखे दबतात म्हणून पॉलिश पेपरसारखे खोल चरे पडत नाहीत आणि वाकड्या-गोल भागावरही हात सारखा फिरतो. तिचा खरा फायदा हाच.

रंगावरून काय समजतं?

औद्योगिक मालात मरून घासणी बारीक ॲल्युमिनियम ऑक्साइडची, करडी त्याहून बारीक, बहुधा सिलिकॉन कार्बाइडची, आणि पांढरी फक्त हलक्या सफाईची असते. पॉलिश पेपरच्या हिशेबात मरून साधारण 320 ते 400 नंबरला आणि करडी 600 ते 800 नंबरला जाते. पण रंगांचा हा संकेत सगळ्या कंपन्या पाळतातच असं नाही. नवीन पॅकेट आणलं की आधी भंगारातल्या तुकड्यावर घासून बघावं.

जिथे ती उत्तम चालते

स्टेनलेस स्टील: वेल्डिंगनंतरचा रंगाचा डाग किंवा टाकीवरचे डाग काढायला ही घासणी लोखंडी तारेच्या गोळ्यापेक्षा कधीही बरी. लोखंडी तारेचे सूक्ष्म तुकडे स्टेनलेसमध्ये रुतून बसतात आणि काही दिवसांत तिथे तांबूस ठिपके उठतात. गिऱ्हाईक मग म्हणतं, “माल खोटा दिला.” माल खराच असतो, गंज त्या तारेचा असतो. मात्र साध्या लोखंडावर वापरलेली नायलॉनची घासणी स्टेनलेसवर फिरवली तरी हाच प्रकार होतो. दोन्हींसाठी वेगळ्या घासण्या ठेवायला हव्यात.

तांब्याची नळी: फ्रीज-एसीच्या कामात ब्रेझिंगआधी नळीवरचा काळपट थर काढावाच लागतो, नाहीतर भरण नीट पसरत नाही. घासताना नळीचं तोंड खाली ठेवावं. आत पडलेली भुकटी थेट कंप्रेसरपर्यंत जाऊ शकते.

सर्किट बोर्ड: पॉलिटेक्निकची पोरं तांब्याच्या बोर्डावर फेरिक क्लोराइडने सर्किट कोरतात. त्याआधी बोर्ड घासणीने हलका घासून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला तर छाप नीट बसते आणि कोरणं सगळीकडे सारखं होतं. इथे लोखंडी तार वापरली तर तिचा केसाएवढा तुकडा मागे राहून पुढे शॉर्ट करू शकतो.

गाडीचा रंग: जुन्या रंगावर नवा थर धरायला पृष्ठभाग थोडा खरखरीत लागतो. दाराच्या कडा, हँडलभोवतीचे कोपरे अशा ठिकाणी पॉलिश पेपर पोचत नाही, तिथे मरून किंवा करडी घासणी पोचते. नंतर धूळ आणि तेलकटपणा पुसून काढल्याशिवाय रंग मारू नये.

शाळेचे प्रयोग: मॅग्नेशियमची फीत जाळण्याआधी तिच्यावरचा ऑक्साइडचा थर काढतात, नाहीतर ती लवकर पेट घेत नाही. मोरचुदाच्या द्रावणात बुडवायचे खिळे, विद्युत घटातल्या जस्त-तांब्याच्या पट्ट्या, सगळ्यांना हाच नियम. पॉलिश पेपर नसेल तर घासणी हे काम करते. पण पोटेन्शिओमीटरच्या किंवा मीटर ब्रिजच्या मुख्य तारेला ती लावू नये. त्या तारेची जाडी टोकापासून टोकापर्यंत सारखी आहे या गृहीतावरच सगळं गणित उभं असतं.

जिथे ती घात करते

इंजिन: हेडवरची जुनी गॅस्केट काढायला ग्राइंडरला घासणीची चकती लावायची सवय अनेक गॅरेजमध्ये आहे. काम पाच मिनिटांत होतं. पण चकतीतून उडालेली ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी तेलाच्या वाटांमध्ये शिरते. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगमधली फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांएवढीच असते. तिथे हे कण पोचले की बेअरिंग खरवडायला लागतं. जनरल मोटर्सने याच कारणासाठी आपल्या मेकॅनिकांना सर्व्हिस बुलेटिन काढून अशा चकत्या इंजिनाच्या भागांवर वापरू नका असं बजावलं होतं. प्लॅस्टिकची खरवडणी आणि गॅस्केट सोडवणारं रसायन यांना वेळ लागतो, पण इंजिन पुन्हा उघडावं लागत नाही.

काचेची भांडी: बीकर, फ्लास्क घासणीने घासले की चमकतात, पण अंगावर सूक्ष्म चरे राहतात. काच अशा चऱ्यापासूनच तडकते. नंतर बर्नरवर किंवा व्हॅक्यूमवर तेच भांडं अचानक फुटू शकतं आणि आत गरम आम्ल असेल तर समोर विद्यार्थी उभा असतो. डाग साबणाच्या पाण्यात भिजवून मऊ ब्रशनेच काढावेत. रंगमापनाच्या क्युव्हेटला घासणीचा स्पर्शही नको. चऱ्यांवर प्रकाश विखुरतो आणि आकडा चुकतो.

मोजमापाची साधनं: मायक्रोमीटरची तोंडं, स्लिप गेज, सरफेस प्लेट यांच्यावर गंजाचा ठिपका दिसला तरी घासणी फिरवायची नाही. ठिपका जाईल, मापही जाईल.

मुलामा असलेले भाग: कनेक्टरवरचा सोन्याचा किंवा चांदीचा मुलामा फार पातळ असतो. सोल्डरिंग आयर्नचं टोकही आतून तांब्याचं आणि वरून लोखंडाच्या मुलाम्याचं असतं. तो थर गेला की वितळलेलं कथील आतलं तांबं खात सुटतं. टोक पुसायला ओला स्पंज किंवा पितळेच्या तारेचा मऊ गोळा वापरावा.

फिरता लेथ: जॉबवरून शेवटचा हात फिरवायला घासणी बोटांभोवती किंवा जॉबभोवती गुंडाळणं सगळ्यात धोक्याचं. धागे एका क्षणात अडकतात आणि बोट आत ओढलं जातं. गुंडाळायचं कधीच नाही. हातमोजेही घालायचे नाहीत. घासणीचा तुकडा लाकडी पट्टीच्या टोकाला पक्का बसवून लांबून टेकवावा किंवा सरळ मशीन बंद करून घासावं. लेथच्या बेडवर आधी कागद अंथरावा, कारण खाली पडलेले कण सरकत्या भागांत जाऊन बसतात.

तारेची घासणी वेगळी

स्टेनलेसच्या तारेच्या घासणीत वेगळे कण नसतात, तारच घासते. ऊर्ध्वपातनाच्या प्रयोगात फ्रॅक्शनेटिंग कॉलममध्ये तिचे तुकडे भरतात. वाफेला थंड होऊन पुन्हा उकळायला भरपूर जागा मिळते आणि द्रव चांगले वेगळे होतात. बारीक लोखंडी तार, म्हणजे स्टील वूल, हवेतला ऑक्सिजन दाखवायला उपयोगी पडते. ओली तार बसवलेली परीक्षानळी पाण्यात उलटी ठेवली तर काही दिवसांत तार गंजते आणि पाणी नळीत जवळजवळ एक पंचमांश उंचीपर्यंत चढतं. हीच तार 9 व्होल्टच्या बॅटरीला टेकली तर पेटते, म्हणून ती बॅटऱ्यांपासून आणि ग्राइंडरच्या ठिणग्यांपासून लांब ठेवावी.

वापरण्याची रीत

- शक्य तिथे ओलं करून घासावं, धूळ उडत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा कधीच घासू नये.
- हाताने घासताना हातमोजे, ग्राइंडरवर चष्मा आणि मास्क.
- गरम प्लेटवर किंवा तीव्र आम्लात ही घासणी वापरू नये. नायलॉन वितळतं, आम्लात सडतं.
- लोखंड, स्टेनलेस, तांबं, ॲल्युमिनियम यांच्या घासण्या वेगळ्या डब्यांत, डब्यावर नाव लिहून ठेवाव्यात.
- घासून झालं की भाग धुवावा किंवा पुसावा. चमक आली म्हणजे काम संपलं असं नाही.

घासणी हातात घेण्याआधी दोनच प्रश्न विचारावेत. ही काय काढणार आहे? आणि काढलेली भुकटी जाणार कुठे? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नसेल तर घासणी खाली ठेवलेली बरी.