न्यायमूर्ती रानडे आणि भीमथडी-इंदापूरचा ऋणको

शहराचे पुढारीपण केलेला पुरुष न्यायासनावर बसला म्हणजे त्याच्यापुढे एक कठीण प्रश्न उभा राहतो. काल ज्यांची बाजू मांडली, त्यांच्यासंबंधी आज निःपक्षपाताने निवाडा कसा द्यावा? परदेशांत महापौर पुढे न्यायाधीश झाल्याचे दाखले आहेत. पुण्यास महानगरपालिका मिळाली ती १९५० साली; परंतु त्यापूर्वी पाऊणशे वर्षे, कोणतेही पद नसता, त्या शहराचे वैचारिक नेतृत्व महादेव गोविंद रानडे यांच्याकडे होते, आणि त्याच वेळी ते न्यायाधीशही होते. त्यांच्या चरित्राचा जो भाग आपल्या बारामती-इंदापूर प्रांताशी निगडित आहे, तो ज्ञातिबांधवांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाड येथे झाला. कोल्हापूर व मुंबई येथे शिक्षण घेऊन १८७१ साली ते पुण्यास पहिल्या वर्गाचे सबजज्ज म्हणून आले. आदल्याच वर्षी गणेश वासुदेव जोशी यांनी सार्वजनिक सभा स्थापन केली होती. सरकारी नोकरीमुळे रानडे सभेच्या व्यासपीठावर फारसे दिसत नसत. परंतु शेतकऱ्यांच्या स्थितीविषयी सभेने जे अर्ज व अहवाल सरकारकडे धाडले, त्यांच्यामागे त्यांचीच बुद्धी व परिश्रम असत.

या अहवालांत वर्णिलेली स्थिती आपल्या परिसरास नवी नव्हती. इंदापूर तालुक्यातच गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ च्या सुमारास जमीन-पाहणीची नवी पद्धत प्रथम बसविली आणि सारा हलका केला. तीस वर्षांची मुदत संपताच फेरपाहणी होऊन आकार एकदम वाढला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसास आलेली तेजी १८६५ साली ओसरली होती. भाव उतरले, सारा चढला, आणि मधली तूट सावकाराच्या वहीत जमा होऊ लागली. अखेर १२ मे १८७५ रोजी, त्या वेळी भीमथडी तालुक्यात मोडणाऱ्या व आज बारामती तालुक्यात असलेल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी कुणब्यांनी सावकारांची घरे-दुकाने घेरली. त्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती पडताच त्यांची होळी झाली, आणि हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले.

सरकारने चौकशी नेमली आणि तिच्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा निघाला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांस तो लागू झाला. रोख्यावर अंगठा आहे एवढ्यावरच हुकूमनामा न देता न्यायाधीशाने व्यवहाराची आरंभापासून फोड करावी, मुद्दल व व्याज वेगळे काढावे, पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास तुरुंगात घालू नये, असे त्याचे सार होते. खालच्या न्यायाधीशांचे निकाल तपासण्यास स्पेशल जज्ज नेमला गेला. प्रथम त्याचे साहाय्यक म्हणून आणि १८८७ पासून स्वतः स्पेशल जज्ज म्हणून रानडे यांनी हे काम केले. गावोगावच्या कोर्टांची दप्तरे तपासीत त्यांचे दौरे चालत. पत्नी रमाबाई यांनी आपल्या आठवणींत या दौऱ्यांचे वर्णन केले आहे.

येथेच त्यांची खरी कसोटी होती. ज्यांच्यासाठी त्यांनी लेखणी झिजविली, तोच शेतकरी आता पक्षकार होता, आणि समोरचा सावकारही न्यायाचा तितकाच अधिकारी होता. शिवाय कायद्याची मर्यादाही उघड झाली. रोख्यावर भरवसा उरला नाही तेव्हा सावकार गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले, आणि पेरणीच्या वेळी मिळणारा पैसा आटला. न्यायाधीश खोटा रोखा रद्द करू शकतो. बियाण्याचे पैसे निर्माण करू शकत नाही. हे ओळखूनच रानडे यांनी शेतकी पेढ्यांचा पुरस्कार केला. शेजारच्या पुरंदर तालुक्यात अशी पेढी काढण्याची वेडरबर्न यांची योजना विलायतेतून नामंजूर झाली. १८९३ साली रानडे मुंबईच्या हायकोर्टात गेले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे देहावसान झाले. सहकारी पतपेढ्यांचा कायदा त्यानंतर तीन वर्षांनी, १९०४ साली आला. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी तोवर आपल्या शिवारांत पोचले होते. पाणी व सहकारी भांडवल एकत्र आले तेव्हाच या भूमीचे रूप पालटले. एकट्या कायद्याने ते झाले नसते.

या इतिहासाकडे आपण परक्याच्या दृष्टीने पाहू नये. एका घरी कर्ज देणारा, तर दुसऱ्या घरी फेडणारा, असे या दोन तालुक्यांत कितीतरी ठिकाणी असेल. पुष्कळ घरांत तर दोन पिढ्यांत दोन्ही भूमिका आल्या असतील. म्हणून केवळ सावकारास दोष देणे किंवा केवळ शेतकऱ्यास अडाणी म्हणणे, दोन्ही सोपे आणि दोन्ही अन्यायाचे. रानडे यांनी दोघांच्याही वह्या उघडून पाहिल्या. आपल्या माळ्यावरील पेट्यांत जुनी खते, पावत्या व वह्या असतील, तर त्या रद्दीत न घालता जपून ठेवाव्यात, अशी आमची सर्व कुटुंबांस विनंती आहे. त्यांत आपल्या पूर्वजांची लाज असेल किंवा अभिमान असेल. सत्य मात्र खचित असेल.