पाय वाचविण्याची विद्या

कष्टकऱ्याचा पाय गेला की त्याची भाकरी जाते. म्हणून पाय वाचविण्याची विद्या कशी घडली, हे आपण जाणून घेतले पाहिजे.

१९४६ साली डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात आले. कुष्ठरोगाने बोटे आपोआप सडून गळतात, असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी दाखविले की, रोगाने मज्जातंतू निकामी होऊन वेदना कळेनाशी होते. मग रोगी जखमेवरच चालत राहतो आणि पाय गमावतो. तेव्हा औषधाइतकीच गरज मऊ रबरी तळाच्या चपलेची आणि ती बनविणाऱ्या कारागिराची होती.

१९६६ साली ते अमेरिकेत, लुइझियानातील कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. मधुमेहाने बधिर झालेल्या पायालाही त्यांनी हेच ज्ञान लावले : भार वाटून घेणारे प्लास्टर, योग्य जोडा, नित्य तपासणी.

आज तेथील पोडियाट्रिस्ट, म्हणजे पायांचे डॉक्टर, तीन वर्षांच्या रुग्णालयीन उमेदवारीनंतर या विषयाचे साधारण वर्षभराचे प्रगत शिक्षण घेऊ शकतात. त्यात शस्त्रक्रिया आली, रक्तवाहिन्यांचे ज्ञान आले. पण पहिला धडा साधाच आहे. ज्या पायाला दुखणे कळत नाही, त्याची जखम डोळ्यांनी शोधावी लागते. आपल्यातील मधुमेह्यांनी तो आज रात्रीच गिरवावा.