लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात : चीनचा धोका आधीच सांगणारा कोल्हापूरचा सेनानी

लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात (१९०६-१९९२) हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे. वडील डॉ. पांडुरंग पाटील नावाजलेले शेतीतज्ज्ञ. मुलगा मात्र इंग्लंडला सँडहर्स्टच्या लष्करी शाळेत गेला आणि १९२६ साली फौजेत अधिकारी झाला. त्या काळी हिंदी माणसाला ती जागा सहजासहजी मिळत नव्हती.

जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशात कांगॉ इथं जपान्यांशी तुंबळ लढाई झाली. एकाच ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते : थिमय्या, सेन आणि थोरात. तिघांनाही डीएसओ हे शौर्यपदक मिळालं.

१९५३ साली कोरियातलं युद्ध थांबलं. मायदेशी परत जायला तयार नसलेले वीस हजारांवर चिनी आणि कोरियन कैदी सांभाळायचं काम भारतीय फौजेकडं आलं, तिचे प्रमुख थोरात. एके दिवशी चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरलं. गोळीबार केला असता तर मेजरचा जीव गेला असता. थोरात स्वतः चवताळलेल्या कैद्यांच्या घोळक्यात शिरले, बोलून समजूत घातली आणि मेजरला सोडवून आणलं. याबद्दल त्यांना अशोक चक्र वर्ग २ मिळालं, ज्याला आता कीर्ती चक्र म्हणतात. पद्मश्रीही मिळाली.

पण त्यांचं खरं मोठं काम कागदावरचं, आणि ते वायाच गेलं म्हणायचं. पूर्व विभागाचे प्रमुख असताना १९५९ मध्ये त्यांनी चीनच्या धोक्याचा अहवाल दिल्लीला पाठवला. म्हणणं साधं होतं. अगदी सरहद्दीवर फक्त नजर ठेवणाऱ्या छोट्या चौक्या असाव्यात, खरी लढाई मागं, जिथं आपली रसद पोचते तिथं द्यावी. मार्च १९६० मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन त्यांनी फौज किती अपुरी आहे तेही दाखवलं. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते मनावर घेतलं नाही.

१९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. लष्करप्रमुखपद काही मिळालं नाही. पुढच्याच वर्षी चीन घुसला, बोमडिला पडलं. मग पंडित नेहरूंनी त्यांना बोलावून घेतलं आणि हा अहवाल मला का दाखवला नाही असं विचारलं, असं थोरातांनी लिहून ठेवलंय. निवृत्तीनंतर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांचं मराठी आत्मचरित्र 'माझी शिपाईगिरी' या नावानं आहे.